सीतादहीला दिलेला शब्द

माणिकबाईला गावातले पुरुष फाटक्या तोंडाची म्हणत. खरंच होतं ते. पण त्याच तोंडाच्या भरवशावर तिवश्याकडच्या त्या गावातल्या वीसेक बाया वेचणीला जात. कोणाच्या शेतात जायचं, ते माणिकबाई, ही माळ्याची विधवाच, ठरवी. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि इकडचा सोन्याच्या भावाने जात होता. अमरावतीच्या बाजारात गाड्या मावत नव्हत्या, आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या.

त्या वर्षी खुशालराव पाटलाच्या शेतात सीतादही होती. पहिल्या वेचणीला घरच्या लक्ष्मीने शेतात दगड मांडून दहीभात वाहायचा, मगच कापसाला हात लावायचा, अशी रीत. पाटलाची बायको सुभद्रा पूजेला बसली, पण तिचा उजवा हात उचलेना. तिने डाव्या हाताने नैवेद्य दाखवला. हात कशाने दुखावला, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. शेजारपाजार तिचं रडणं ऐके आणि घरचं भांडण म्हणून दार लावून घेई. माणिकबाईही लावून घेई.

त्या दिवशी मात्र तिने कापूस वेचून टाकायची कमरेची ओटी सोडली आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर जाऊन बसली. मागोमाग साऱ्या बसल्या.

"घरची लक्ष्मी मारता, अन् शेतातली आमच्या हातून नेता काय, पाटील? आमी नाई वेचत."

तीन दिवस कापूस बोंडांतून लोंबत राहिला. व्यापाऱ्याचा माणूस चकरा मारू लागला. चौथ्या दिवशी खुशालरावाने त्या दगडांवर हात ठेवून शब्द दिला, की सुभद्रेला बोट लावणार नाही. तीन हंगाम त्याने तो पाळला. सुभद्रा बायांबरोबर भाकर खायला येऊ लागली, हसू लागली. माणिकबाई तर मिशा नसताना मिशांना पीळ देत फिरे.

मग लढाई संपली. भाव असे कोसळले, की वेचणीची मजुरीही परवडेना. सुभद्रा पूजेला आली ती सुजलेला डोळा घेऊन. माणिकबाई पुन्हा धुऱ्यावर बसली. खुशालराव शांतपणे म्हणाला, "बसा न. मले काई घाई नाई."

बाया आठ दिवस बसल्या. बसून कोणाची चूल पेटत नाही. एकेक करून उठल्या आणि मिळेल त्या मजुरीवर दुसऱ्यांच्या शेतात गेल्या. दिवाळीनंतर एका भर दुपारी सुभद्रेची किंकाळी गावाने ऐकली आणि सवयीने दारं लावली. आता आपल्या हातात काय उरलं, असं म्हणत माणिकबाई घरातच बसून राहिली. दिवेलागणीला खुशालरावाने सांगितलं, की सुभद्रा पाय घसरून विहिरीत पडली. कोणाला पटलं नाही, आणि कोणी काही बोललंही नाही.

पुढे कोणाच्याही घरात बाई ओरडली, की माणिकबाई हातातलं काम टाकून त्या दारात जाऊन उभी राही. मागून बाकीच्या येत. भांडत नसत, नुसत्या उभ्या राहत, आणि आतला हात थांबे. लोक शाबासकी देत, ती तिला सोसत नसे. मरेपर्यंत ती एकच सांगत राहिली.

"चाळीस पावलांवर होतं सुभद्रेचं दार. मी गेली नाई."