सेंटॉर आणि आमच्या ह्यांचा पाय

आमच्या ह्यांना माणसांपेक्षा सेंटॉर जास्त कळायचे. सेंटॉर म्हणजे कमरेच्या वर माणूस आणि खाली घोडा. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गेटजवळ बाकावर पोरं जमवून हे त्यांच्या गोष्टी सांगायचे, सगळ्या स्वतः रचलेल्या. वर अवकाशाचं ज्ञान फुकट: गुरू आणि नेपच्यूनच्या मधे भटकणारे काही खडक आहेत, धड धूमकेतू नाहीत, धड लघुग्रह नाहीत, त्यांनाही म्हणे सेंटॉरच म्हणतात. मी भाजीची पिशवी घेऊन बाजूने जाताना म्हणायचे, "अहो, त्या घोड्यांना सांगा, घरातला गॅस संपलाय." पोरं खिदळायची. हेही हसायचे, पण जागचे उठायचे नाहीत.

ह्यांना साखरेचा त्रास होताच. नव्या चपलेने अंगठ्याला साधा फोड आला, तो ह्यांनी लपवला. मला कळलं ते वासाने. घाटकोपरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सरळच सांगितलं, डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर माणूस हातचा जाईल.

"नाही," हे म्हणाले. "अर्धा माणूस होऊन जगायचं नाही मला."

"जन्मभर अर्ध्या माणसांच्याच गोष्टी सांगितल्यात की!"

"सेंटॉर अर्धा नसतो गं. चार पाय, वर दोन हात. माणसापेक्षा त्याच्याकडे जास्तच असतं."

माझं डोकंच फिरलं. इथे जिवावर बेतलंय आणि हा माणूस घोड्याचे पाय मोजतोय! धाकटा दीर हात जोडून थकला. हे ढिम्म. मला काय सुचलं देव जाणे, एकदम म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, एका अमेरिकन रॉकेटच्या वरच्या टप्प्याचं नावसुद्धा सेंटॉर आहे म्हणून? खालचा टप्पा समुद्रात पडतो आणि वरचा पुढे जातो. मग पडू दे की खालचं!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बरं. सांग त्यांना, काढा."

पाय काढला. वॉर्डबॉयने विचारलं, "मावशी, पाय तुम्ही नेणार की इथेच ठेवणार?" दिराने नेला, स्मशानात. जिवंत भावाचा पाय जाळून, आंघोळ करून तो परत आला आणि ह्यांच्या उशाशी बसला. वैऱ्यावरसुद्धा अशी वेळ येऊ नये.

एवढं करूनही विष रक्तात भिनलंच होतं. डॉक्टर आता नजर चुकवून बोलायला लागले. एका दुपारी ह्यांना जरा हुशारी वाटली.

"त्या रॉकेटचं तू अर्धंच सांगितलंस," म्हणाले. "वरच्या टप्प्याचंही इंधन संपतं. यानाला पुढे ढकलतो आणि स्वतः राहतो मागे, भटकत. परत येत नाही तो."

"माहीत होतं तर हो कशाला म्हणालात?"

"इतक्या वर्षांत माझं काहीतरी तू लक्षात ठेवलं होतंस गं. मला 'नाही' म्हणवेना."

ह्यांच्यासमोर रडू फुटेल म्हणून मी नेहमीसारखी खेकसले, "पुरे आता. गप्प पडून राहा बघू."

ह्यांनी ऐकलं. नंतर एक शब्द बोलले नाहीत, आणि संध्याकाळी गेले.