शेकाट्याचा मोडलेला पाय

बिल्डरने फ्लॅटच्या कागदांत ‘स्टिल्ट’ असं लिहिलं होतं. वर इमारत, खाली नुसते खांब आणि खांबांमध्ये माझी स्कूटर, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक होता. मुलीने ज्ञानात भर घातली. ‘‘बाबा, जत्रेत उंच काठ्यांवर चढून माणूस चालतो ना, त्या काठ्या म्हणजे स्टिल्ट. आणि शेकाट्या पक्ष्यालाही इंग्रजीत तेच म्हणतात. पाय बघा त्याचे!’’

पाय बघायला मी मे महिन्यातल्या एका रविवारी जालन्याहून एसटीने निघालो. अंगात बारा खिशांचं जाकीट, गळ्यात उसनी दुर्बीण. घनसावंगीच्या स्टँडवर एकाने अदबीने विचारलं, ‘‘साहेब, मोजणीला आले का?’’

पुढे जीपमध्ये तिघांच्या जागेत पाचवा होऊन बसलो आणि उसाच्या कडेने चालत गोदावरीवर पोचलो. पात्र आटून डबकी उरली होती. एका डबक्यात शेकाटे उभे होते. पांढरं अंग, काळे पंख आणि कुणाचे तरी मागून आणल्यासारखे लांबच लांब गुलाबी पाय. मी जवळ जाताच ते ‘किक् किक्’ ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागले. मला वाटलं, स्वागत आहे.

इतक्यात त्यातला एक समोर कोसळला. एक पंख फडफडवत, पाय ओढत सरकू लागला. मोडलाच पाय! जखमी जीव वाचवणारा म्हणून आपलं नाव होणार, या विचारासह मी धावलो. तो पुढे सरके, मी मागे. विसाव्या पावलाला मी गुडघ्यापर्यंत गाळात गेलो आणि जखमी पक्षी मजेत उडून गेला.

मी डावा पाय उपसून बाजूच्या कोरड्या उंचवट्यावर टाकणार, तोच आवाज आला.

‘‘अवो, पाय टाकू नका तिथं! अंडे हायेत!’’

म्हशी पाण्यावर आणलेल्या गयाबाई काठावरून ओरडत होत्या. खाली पाहिलं. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर गवताच्या चार काड्यांत मातीच्या रंगाची चार अंडी होती. पाय तसाच हवेत धरून मी डुलत राहिलो.

‘‘पण त्या पक्ष्याचा पाय मोडलाय हो!’’

‘‘कशाचा मोडतो? सोंग करून राह्यलं ते. त्याच्या अंड्यापासून तुमाला दूर न्यायला. हे अंडे दुसऱ्याचे. लेकरासाठी करतंय, मंग काय करंल?’’ त्यांनी लांब काठी पुढे केली. ‘‘बराबर धरा. जल्दी करू नका.’’

मी निघालो, उजवा बूट निघाला नाही.

काठावर त्यांनी मला तांब्याभर पाणी दिलं. हसल्या नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली. निघताना म्हणाल्या, ‘‘कुणाला सांगू नका, साहेब. गेल्या साली गाडी भरून फोटोवाले आल्ते. एक अंडं ऱ्हायलं न्हाई.’’

परतीच्या जीपमध्ये माझ्या गाळाच्या वासाने ऐसपैस जागा मिळाली.

सोमवारी ऑफिसात कुलकर्णींनी विचारलं, ‘‘काय, दिसले का शेकाटे? येत्या रविवारी सगळेच जाऊ, माझी गाडी काढतो.’’

आयुष्यात प्रथमच माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं. जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं.

‘‘नाही हो,’’ मी म्हणालो, ‘‘एकही नाही. नुसता चिखल.’’

दुपारपर्यंत ही गोष्ट तीन टेबलांवर फिरली. मीही त्यांच्याबरोबर हसलो.