बँडमागची रिकामी वाट

सातिवलीच्या छापखान्यात प्लेटा तयार झाल्या होत्या आणि तेवढ्यात ग्रेगरी सरांचा फोन आला.

"मॅडम, मोनिकाबाईंचा लेख थांबवा."

"सर, तो फॉर्म आता मशीनवर चढतोय."

"म्हणूनच म्हणतो, थांबवा."

फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पाने. घड्या घालून कापली की ती क्रमाने लागतात. त्यातले एक जरी काढले तरी पुढची सगळी मांडणी हलते. मी मशीनवाल्याला हाताने खूण केली. रोलर थांबले. शाईचा ओला, रॉकेलसारखा वास मात्र हवेत तसाच तरंगत राहिला.

मी पुस्तकांचे संपादन करते. राहते विरारला, फुलपाड्यात. हे काम वसईच्या किनाऱ्याकडच्या एका ख्रिस्ती गावाचे होते. तिथल्या वाचनालयाला गावाच्या लढ्यांचे पुस्तक काढायचे होते. ग्रेगरी सर त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक, वाचनाचे वेडे. पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, "इतिहास राजांचाच लिहिला गेला, मॅडम. आपण आपल्या माणसांचा लिहू." त्या एका वाक्यावर मी काम स्वीकारले.

पुस्तकाचा गाभा होता पाण्याचा लढा. वीसेक वर्षांपूर्वी रेल्वेच्या पूर्वेला इमारती भराभर उभ्या राहिल्या. नळ पोचले नव्हते. टँकर या गावाच्या गोड्या विहिरींवर येऊ लागले. पंप दिवसरात्र धडधडत. हळूहळू विहिरींत खारे पाणी चढले आणि केळीची पाने कडांनी करपू लागली. तेव्हा गावच्या बायका टँकरसमोर रस्त्यात बसल्या. त्यांत मोनिकाबाई होत्या. त्यांनी ते सगळे मला रेकॉर्डरसमोर सांगितले आणि मी त्याचे शब्दांकन केले. चार पाने झाली.

मोनिकाबाई मात्र तिथेच थांबल्या नव्हत्या. टँकरवाले बाहेरचे होते, पण विहिरी गावातल्यांच्याच होत्या. पाणी विकणारेही गावातलेच. पोलीस चौकीत तक्रार देताना इतर बायका म्हणाल्या, टँकरवाल्यांचे नाव घेऊ, तेवढे पुरे. मोनिकाबाईंनी विहिरींच्या मालकांचीही नावे सांगितली. पंप बंद झाले. त्यानंतर गावाने त्यांच्याशी बोलणे बंद केले.

थोड्याच महिन्यांत त्यांच्या मुलाचे लग्न आले. या गावांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्यामुलाच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात. पुढे बँड, मागे आप्त आणि शेजारी, बायकांच्या तोंडी गाणी. त्या दिवशी बँडच्या मागे मोनिकाबाई एकट्या होत्या. त्यांचे पती आधीच वारले होते. चौथे पान त्या वाटेचे होते आणि तेच समितीला नको होते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात बैठक झाली.

"लग्नाचा भाग काढा," सर म्हणाले. "बाकी अक्षर न अक्षर राहू द्या."

खजिनदार फिलिपभाऊ हसले. "मॅडम, प्रकाशनाला पहिल्या रांगेत कोण बसणार, ठाऊक आहे? तीच माणसं. त्यांच्या हातात पुस्तक ठेवून काय सांगायचं, अमुक पान उघडा, तिथं तुम्ही आहात?"

"फिलिपभाऊ, मालकांची नावं आपण आधीच गाळलीत," मी म्हणाले.

"एवढंसं गाव. इथं नावं कशाला लागतात?"

"सर, विहिरी कोणाच्या होत्या?" मी विचारले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "बाहेरच्यांशी लढलो हे वाचून पोरांना बळ येईल. आपणच आपल्या बाईशी कसे वागलो हे वाचून काय येईल?"

मला वाटले, लाज येईल; आणि तेही पुस्तकाचे एक काम आहे. मी तसे म्हणालेही. शेवटी मी सांगितले, की ज्यांचे कथन आहे त्यांच्या संमतीशिवाय मी ते कापणार नाही.

"मग घ्या संमती," सर म्हणाले.

कापलेल्या लेखाचे प्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची प्रत, घेऊन मी मोनिकाबाईंकडे गेले. दुपार होती. त्या ओट्यावर चिंच फोडत बसल्या होत्या. तो आंबट, गडद वास, विळीवरचा एकसारखा आवाज, आणि समोरच्या घराच्या कौलांवर पसरलेले निवांत ऊन. मी वाचून दाखवले. त्या हात न थांबवता ऐकत होत्या.

"गोड वाचलंस, बाय. आनि लग्नाचं?"

"समितीला तेवढं नकोय, मावशी."

"कोनाला? ग्रेगरीला?"

त्यांनी विळी मिटली.

"टँकरपुढे बसलो तेव्हा आम्ही पुष्कळ जनी होतो. एकमेकींचे हात धरलेले. एक जन बोलली, ड्रायव्हर देखना हाय, अंगावर टँकर घातलान तरी चालंल. हसून हसून पोट दुखलं आमचं. त्यात कसलं धाडस? पन त्या दिवशी बँडवाला विचारतो, मावशी, मागे कोन नाय, वाजवू काय? मी बोलले, बोलावलाय कशाला? वाजव. मोठ्यानं वाजव. दोन्ही बाजूंनी खिडक्यांचे पडदे हलत होते. तरी विहिरीपर्यंत चालत गेले मी. ते तू काढनार, आनि हसत बसलो ते ठेवनार?"

मी म्हणाले, निदान अर्धे तरी लोकांपर्यंत पोचेल.

त्यांनी समोरच्या घराकडे मान वळवली. "तिथं माझी जाव राहते. आता बोलतो आम्ही. भाजी देतो, घेतो. पन त्या दिवसाचं तोंडातनं नाय काढत, तीबी नाय, मीबी नाय. पुस्तकात आलं असतं तर तिनं वाचलं असतं. मला सांगायला लागलं नसतं."

मग त्यांनी प्रूफ नीट घडी घालून माझ्या हातात दिले. "सगळं छाप, नायतर कायच नको."

"आणि फोटो? टँकरसमोरचा?"

"तो राहू दे. त्यात मी एकटी थोडीच हाय."

त्याच संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. मोनिकाबाईंचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. आत कुकरची शिटी झाली, ती विरून गेली.

"मी त्या दिवशी खिडकीत होतो," ते म्हणाले. "माझी आई जायला निघाली होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, वेणी माळलेली. मी म्हटलं, आई, नको, आपल्याला इथंच राहायचंय. ती खुर्चीत बसली. बँडचा आवाज विहिरीपर्यंत जाऊन परत येईस्तोवर तशीच बसून राहिली."

"मग तर तुम्हीच छापायला हवं, सर."

"म्हणूनच छापवत नाही, मॅडम. रविवारच्या प्रार्थनेला आम्ही सगळे एकाच देवळात बसतो."

मी आणखी पुष्कळ बोलू शकले असते. काही बोललेही. सर माझ्याशी वाद घालत नव्हते; ते फक्त मान हलवत होते, शेवटी मी प्रूफ पिशवीत घालून उठले.

पुस्तक वेळेवर निघाले. प्रकाशनाच्या दिवशी हॉलभर निशिगंधाचा वास होता. गावाच्या एकजुटीवर भाषणे झाली. मोनिकाबाई आल्या होत्या. मागच्या रांगेत, जावेच्या शेजारी. मी त्यांच्या मागे उभी होते. जाऊबाई पाने उलटत होत्या. टँकरसमोरच्या फोटोवर त्यांचे बोट थांबले.

"ही बघ, तू दिसतेस," त्या म्हणाल्या.

"हां," मोनिकाबाई म्हणाल्या. "दिसते."

जाऊबाईंनी आणखी एक पान उलटले, मग दुसरे, मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवले.

मोनिकाबाईंचा लेख काढून छापखान्यात मी पुढचे लेख चार पानांनी मागे ओढले होते. शेवटी मोकळ्या झालेल्या जागेत देणगीदारांचे आभार बसले. अनुक्रमणिका नव्याने जुळवली. पानांचे आकडे सलग आले, कुठे जोड दिसत नाही. पुस्तक आजवर अनेकांनी वाचले, काहींनी फोन करून कौतुकही केले. त्यात काही कमी आहे असे कोणालाही वाटलेले नाही. आमच्या व्यवसायात याला सफाईदार काम म्हणतात.