मावशींच्या हाताचा दोष

ग्रंथालयातले सगळे कॉम्प्युटर लिनक्स या मोफत प्रणालीवर चालायचे आणि ते सांभाळायचं काम एकट्या मिस्त्रीकडे. खिशात कायम स्क्रूड्रायव्हर, म्हणून हे नाव पडलेलं. माणूस कामाला वाघ, पण तोंडाचा फटकळ.

नोंदणीच्या टेबलावर मावशी बसायच्या. निवृत्तीला आलेल्या. एकदा त्यांनी त्याला बोलावलं. "अरे, हा माउस मधेच ऐकत नाही. क्लिक केलं तरी ढिम्म. मग बाण भलतीकडेच उडी मारतो."

मिस्त्रीने उभ्याउभ्याच माउस फिरवून पाहिला. ठीक होता. तरी त्याने दुसऱ्या पोर्टमध्ये लावून दिला. पुन्हा तक्रार आली, तेव्हा माउसच नवा दिला. तिसऱ्या खेपेला मात्र तो वैतागला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मावशी, माउस ठणठणीत आहे. तुमचा हात थरथरतोय. डॉक्टरांना दाखवा."

मावशींच्या नोंदींत चुका होतच होत्या. ग्रंथपालबाईंनी त्यांना मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं चिकटवायला बसवलं.

बदली माणूस मिळेना, म्हणून दुपारी त्या टेबलावर मिस्त्रीच बसू लागला. एकदा बराच वेळ फोनवर बोलत होता, हात माउसवर तसाच. फोन ठेवून त्याने क्लिक केलं. ढिम्म. पुन्हा केलं, तर बाणाने उडी मारली.

त्याने लॉग, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप ठेवतो ती नोंदवही, उघडला. माउस झोपला, जागा झाला, पुन्हा झोपला. हात जरा थांबला की वीज वाचवायला कॉम्प्युटर माउसला झोपवत होता, आणि जागं होताना पहिलं क्लिक वाया जात होतं, बाण उडी मारत होता. ही वीजबचत त्यानेच सगळीकडे लावली होती. बाकीच्यांचे हात सतत धावते. मावशी आधी पुस्तक चाळायच्या, विचार करायच्या, मग क्लिक करायच्या.

सेटिंगमधली एक ओळ बदलताच माउस सुधारला. मिस्त्री मागच्या खोलीत गेला.

"मावशी, तुमच्या हाताला काही झालेलं नाही. चूक माझी होती."

मावशींनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला. "डॉक्टरही तेच म्हणाले. पण मला पटेना. वाटलं, तू एवढा जाणकार, उगाच कशाला बोलशील? नात रांगायला लागली रे. अजून कडेवर घेतलं नाही मी तिला. हातून पडली तर?"

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने ग्रंथपालबाईंना बोलावून आणलं आणि सगळ्यांदेखत आपली चूक सांगितली. मावशी टेबलावर परतल्या. त्यांनी कधी एक टोमणाही मारला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

पुढे एकदा त्यांनी मोबाइलवर नातीचा फोटो दाखवला. "बघ, घेतलं की नाही कडेवर?"

मिस्त्री हसला. पण फोटोत मावशींनी एका हाताला दुसऱ्याचा घट्ट आधार दिला होता, आणि त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती, त्या हातावरच होती.