माझ्या वाटणीची भांडी

आई इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर राहायला आली, तेव्हा मी कामावरून रजा घेऊन घरी होते. नैराश्य, असं निदान झालं होतं. गोळ्या चालू होत्या. शिवाय डॉक्टर बाईंनी बजावलं होतं, की सकाळी उठून घरातलं एक काम करायचंच, मग दिवसभर पडून राहिलात तरी चालेल. मी भांडी निवडली. अंथरुणातून सिंक दिसायचं, एवढंच कारण.

सुरुवातीला एखादा कप विसळून परत पडायचे. मग हळूहळू आदल्या रात्रीचं सगळं घासून होऊ लागलं. कोमट पाण्यात हात गेले की डोक्यातलं दळण जरा थांबायचं. पातेलं पालथं घातलं की आज काहीतरी झालं, असं वाटायचं. शिकल्यासवरल्या बाईला एवढ्यावर समाधान मानावं लागतंय याची लाज वाटे, पण तेवढ्यावर दिवस निघत होता.

आई आली आणि दुसऱ्याच सकाळी मी उठून बघते तर ओटा लख्ख, भांडी जागच्या जागी.

"आई, मी घासणार होते ना."

"तू पड गं. मी आहे ना आता."

गावी आई लोकांकडची भांडी घासायची, मग घरी येऊन आमची. मी ताट उचलायला गेले की म्हणायची, "राहू दे, वाचत बस." शिकणाऱ्या पोरीनं खरकट्याला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. शेजारणी टोमणे मारायच्या, "पोरीला कलेक्टरीण करतीस का काय?" आई म्हणायची, "करते की. तुम्हाला काय त्रास?" कलेक्टर नाही झाले, पण आमच्या घरातली पहिली पदवी मी घेतली, ती त्या नियमावर. हे मी कधी विसरले नाही.

आणि तरीही, पांघरुणातून तिची पाठ बघताना मला तिचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जळफळाट. ही बाई डोळे उघडते आणि उठते. मला पाय जमिनीला लावायला सकाळ पुरत नाही. मला इथे येऊन वर्षं झाली, समोरच्या दाराशी ओळख नव्हती. आई आठवड्याभरात समोरच्या अक्कांकडून कढीपत्ता आणायला लागली. मोडक्या कानडीत "स्वल्प, स्वल्प", म्हणजे थोडं थोडं, म्हणत दोघी जिन्यात हसत उभ्या. ज्या कामावर मी कशीबशी उभी राहत होते, ते ती गुणगुणत उरकायची. भांड्यांचा आवाज आला की मी उशी कानावर घ्यायचे. होता होता मी पुन्हा दुपारपर्यंत उठेनाशी झाले. आईला वाटलं, दुखणं वाढलं. तिनं मला झाडूलाही हात लावू दिला नाही.

मग मी चोरी सुरू केली. चहाचे कप, वाट्या पलंगाखाली सरकवून ठेवायचे आणि आई भाजीला गेली की घासायचे. एकदा ती पिशवी विसरली म्हणून परत आली. मी सिंकपाशी, हाताला फेस.

"हे कुठनं आलं? मी सगळं घासून गेले होते."

"पलंगाखाली होतं."

"पलंगाखाली? उंदीर होतील गं बाई! आणि तू कशाला घासतीस? याच्यासाठी शिकवलं का तुला?"

"आई, सकाळी उठायला मला एवढंच कारण होतं. ते तू रोज माझ्या आधी उठून संपवतेस. मला तुझा राग येतो. तुझ्यासारखं उठता येत नाही, म्हणून येतो."

ती पिशवी हातात धरून स्टुलावर बसली.

"मग मी काय करू?" ती म्हणाली. "तू अशी पडलेली. मला इंग्रजी येत नाही, त्या डॉक्टरणीशी काय बोलायचं कळत नाही. भांडी तेवढी येतात मला. ती घासली की जरा बरं वाटतं."

मला वाटत होतं ती सहज उठते.

वाटणी तिनंच केली. स्वयंपाक आणि धुणं तिचं. भांडी माझी, कितीही वेळ पडून राहिली तरी.

दुसऱ्या सकाळी मी उशिराच उठले. भांडी होती तशी होती. वासही यायला लागला होता. मी पातेलं घासायला घेतलं, आई मागे बसून बघत होती.

"काठाला चिकटलंय अजून."

"दिसतंय मला."

"आतनं नाही, बाहेरनं."

"आई!"

"बरं बाई. मी अक्कांकडे जाते. इथं बसले की हात शिवशिवतात." दारापर्यंत गेली, वळून त्या पातेल्याकडे एकदा बघितलं आणि गेली.

थोड्या वेळानं समोरून तिचं हसणं ऐकू आलं. इतकं मोकळं मला कधी हसता येईल, असं मनात येऊन पुन्हा तिचा हेवा वाटला. पण कढई बाकी होती. मी ती भिजत घातली आणि भिजेपर्यंत तिथंच उभी राहिले.