उसाच्या रांगेत अडकलेली रुग्णवाहिका

बिभीषण माझ्या घरामागच्या दोन खोल्यांत राहतो आणि रुग्णवाहिका चालवतो. त्याआधी काही हंगाम त्याने उसाचा ट्रॅक्टर चालवला. मागे दोन ट्रॉल्या, डोक्यावर गाण्यांचे भोंगे. बोलतो कमी, चहा फार पितो. स्ट्रेचरचे पट्टे धुऊन माझ्याच दोरीवर वाळत घालतो, त्यावरून आमची कुरबुर ठरलेली. मी शाळेत शिकवत असे, म्हणून तो मला बाई म्हणतो.

गेल्या फेब्रुवारीत ऊसतोडीला आलेल्या छगनची निकिता भरलेल्या बैलगाडीवरून खाली पडली. वय वर्षे सात. तोडणीवाल्यांची मुलं उसाच्या मोळ्यांवरच बसून जातात. त्यांना दुसरी जागा कुणी दिली आहे? रुग्णवाहिकेला फोन झाला, पण ती येईपर्यंत धीर कुणाला! लोकांनी पोरीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं आणि निघाले हाड बसवणाऱ्याकडे. बिभीषणने वाटेतच त्यांना गाडी आडवी घातली.

"आरं, मान लटकतीया तिची! पोतं हाय का ते?"

त्याने आणि गाडीतल्या मोनिका सिस्टरने तिला फळीवर सपाट निजवलं, मानेला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन बांधलं. मग शेतातल्या रस्त्याने गाडी श्रीरामपूरच्या दवाखान्याकडे निघाली आणि माझ्या फाटकासमोर, हमरस्त्याच्या तोंडाशी येऊन अडकली.

कारखान्याच्या वजनकाट्यापासून ट्रॅक्टरांची रांग तिथवर आली होती. एकाला एक चिकटून. सायरन ओरडत होता, भोंग्यांवर गाणी चालू होती. मी फाटकात आले. बिभीषण उतरून वाट अडवून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलत होता. गोरक्षनाथ त्याचं नाव, बिभीषणचा जुना सोबती.

"पडीकात घे जरा. लेकरू हाय आत."

"घेतो की. पन मागचा लगीच पुढं घुसंल. तुझी वाट बी बंद आन् माझा नंबर बी गेला."

"सायरन ऐकून घुसंल?"

"तू न्हाई का घुसत हुतास?" गोरक्षनाथ हसला.

ऊस वाळला की वजन घटतं, हे मला कळतं. पण आत एक मूल कण्हत असताना हसू कसं येतं, हे मला कळत नाही.

बिभीषण माझ्याकडे वळला. "बाई, खुर्ची आना. ह्याच्या जागंवर बसा. तुमच्या अंगावर कुनी ट्रॅक्टर घालनार न्हाई."

मी खुर्ची आणली. गोरक्षनाथने ट्रॅक्टर पडीकात घेतला आणि मी भर रस्त्यात त्याचा नंबर धरून बसले. मागचा ओरडला, "आज्जे, ऊन लागंल, घरात जा की!"

"तू हॉर्न वाजव. मी ऐकतेय," मी म्हटलं.

माझ्या पुढून रुग्णवाहिका रस्त्याच्या पलीकडच्या मोकळ्या बाजूला आली आणि निघून गेली.

निकिताच्या मानेचं हाड चिरलं होतं. हातपाय मात्र हलत होते. आणखी थोडी हिंदकळली असती तर ते कायमचे गेले असते, असं डॉक्टरांनी छगनला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या कचेरीतून मला आणि बिभीषणला बोलावणं आलं. टेबलावर शाली, नारळ आणि फोटोवाला तयार. बिभीषणने शालीला हात लावला नाही.

"साहेब, ह्ये नको. रांगेत शेतरस्त्यांची तोंडं मोकळी ठेवा."

"बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. "पण आता हंगाम संपत आला. पुढच्या हंगामात बघू."

एरवी दबक्या आवाजात बोलणारा बिभीषण इतका मोठ्याने बोलला की बाहेरचे शिपाई आत आले.

"पोरं हंगाम बघून पडत्यात व्हय, साहेब?"

साहेबांनी फोटोवाल्याला जायला सांगितलं. रस्ता पुढच्या हंगामावरच राहिला.