भरल्या बोंडांची विरळणी

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. दाना ओली नावाच्या गल्लीतल्या दोन खोल्यांतून शेतकी कॉलेजात पोचलो, ते एका मास्तरांनी स्वतः अर्ज भरून दिला म्हणून आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून. ते उपकार मी विसरलेलो नाही. वडील उत्तरेतल्या आमच्या मराठी संस्थानच्या पलटणीत शिपाई होते. विलीनीकरणात पलटण मोडली आणि ते शहराबाहेरच्या सरकारी फार्मवर मजुरांचे जमादार झाले. पुढे त्याच फार्मवर मी सहायक म्हणून लागलो.

तिथली जमीन हलकी. त्यात पौषात दंव गोठतं आणि उशिरा धरलेलं बोंड झाडावरच काळं पडतं. म्हणून एका बिघ्यात मी कपाशी दाट लावली. झाडं कमरेएवढी होताच शेंडे खुडले, पसरणाऱ्या फांद्या काढल्या, म्हणजे ऊन आत पोचावं आणि खालची बोंडं थंडीआधी फुटावीत. वडिलांनी दोरी धरून ओळी इतक्या सरळ आखल्या की मजूरबाया हसायच्या, "जमादारजी, इनसे कवायद भी कराओगे क्या?" शेजारच्या बिघ्यात नेहमीची विरळ कपाशी होती. शेवटी दोन्ही बिघ्यांचा कापूस तराजूवर ठेवायचा, एवढंच मला हवं होतं.

राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि कार्तिकात तिथून एक साहेब पाहणीला आले. काळ्या जमिनीच्या मुलखातले, कापसातले जाणते म्हणून नावाजलेले. त्यांनी दोन्ही बिघ्यांतून एकेक झाड उपटून मागवलं, आंब्याखाली खुर्चीत बसून बोंडं मोजली आणि माझं झाड माझ्यासमोर धरलं.

"इसमें बारह, उसमें चालीस. ग्रेजुएट हो ना? गिनती आती है?"

"साहेब, एक झाड नको, सगळा बिघा तोला. इथे पौषात दंव..."

"हमारे यहाँ फागुन तक चुनाई चलती है." ते शेताकडे बघून हसले. "कपास बोई है या गेहूँ? एक छोड़कर एक कतार निकलवा दो. आज ही."

जीप गेली. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

"बाबा, हुकूम आहे," मी म्हणालो.

"हुकूम मला नको शिकवूस. एका कागदावर बंदूक जमा करून आलोय मी," वडील म्हणाले. "पण भरल्या बोंडांचं झाड मी उपटणार नाही. तू अफसर ना? तूच उपट."

मी उपटलं. हिरवी बोंडं पायाखाली फुटत होती. पाच-सहा ओळी झाल्यावर बाया गुपचूप मदतीला आल्या. वडील बांधावर पाठ करून उभे राहिले.

पौषात शेजारचा बिघा काळा पडला. माझ्या उरलेल्या ओळींतला कापूस तोवर वेचून झाला होता. पण अर्ध्या झाडांच्या कापसाची कुणाशी काय तुलना करणार? भोपाळहून टिपण आलं: दाट लागवड या भागास अयोग्य, प्रयोग बंद करावा. खाली "सहमत" असं छापलेलं होतं आणि शेजारी माझ्या सहीची जागा.

साहेबांनी निदान जे पाहिलं ते लिहिलं. दंवाने काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ज्या सरकारने शिकवलं त्याच्याविरुद्ध कसं जायचं, अशी स्वतःची समजूत घातली आणि वळणदार अक्षरात सही केली.